कलेजीखालची पिशवी

मी धंद्यानं मुलाणी. तिसगावात आणि आसपासच्या वाड्यांवर नवसाचं बकरं पडायचं ते माझ्याच सुरीखाली. म्हसोबाचा नवस असो, मरीआईचा असो नाहीतर पिराचा उरूस असो, बकरं कापायला मुलाणी लागायचाच. गावातली पुष्कळ हिंदू घरं दुसऱ्या कुणी कापलेल्या मटणाला हात लावत नसत. हा मान वडिलांकडून माझ्याकडे आला आणि मी तो जरा ताठ मानेनंच मिरवला. शाळेत चौथीपर्यंत गेलो होतो, लोकांची पत्रं वाचून दाखवायचो, त्यामुळे आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात असा माझा समज होता. त्या समजाबद्दलच हे लिहितो आहे.

बकरं सोलून पोट उघडलं की पहिलं काम कलेजीचं. कलेजीच्या खालच्या अंगाला एक हिरवट पिशवी चिकटलेली असते. तिच्यात पित्त असतं. ती न फुटू देता काढायची ही आमच्या धंद्यातली खरी परीक्षा. पिशवीचं तोंड दोन बोटांत घट्ट धरायचं आणि कलेजीचा थोडा तुकडा तिच्यासोबत जाऊ देऊन सुरी फिरवायची. हावरेपणा करून तेवढी कलेजी वाचवायला गेलं की पिशवी फुटते आणि मग कितीही धुवा, कडूपणा जात नाही.

माझ्या हातून ती एकदाच फुटली, विशीच्या आत असताना, एका नवसाच्या जेवणात. हिरवं पाणी कलेजीवरून ओघळत बकऱ्याच्या मांडीपर्यंत गेलं. यजमानानं सगळी कलेजी कुत्र्यांना टाकली. वडिलांनी चारचौघांत माझ्या कानाखाली आवाज काढला. त्यानंतर मी किती बकरी कापली त्याचा हिशेब नाही, पण पिशवी फुटू दिली नाही.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती आणि तिचा मला फार अभिमान होता. नवसाचं बकरं आदल्या दिवसापासून उपाशी बांधून ठेवलेलं असलं तर त्याची पिशवी भरून टम्म फुगलेली असते. रानात चरत असलेलं बकरं आणून कापलं तर तीच पिशवी रिकामी, सुरकुतलेली. म्हणजे पोटात चारा पडला की पित्त तिकडे जातं, हे मी कुणी न सांगता ओळखलं होतं.

माझी बायको शेवगावकडची. लग्नाला बारा वर्षं झाली होती, दोन मुली होत्या. तिचं दुखणं सुरू झालं तेव्हा आम्ही ते दुखणं मानलंच नाही. तिचा उजवा खांदा मागच्या बाजूनं धरायचा. विहिरीवरून पाणी वाहून खांदा भरला असेल म्हणून माझी आई तेल लावून चोळून द्यायची. मग पोटात वरच्या बाजूला कळ येऊ लागली, उलट्या होऊ लागल्या. ओवा झाला, गरम विटेचा शेक झाला. कळ दोन-तीन तासांनी आपोआप जायची आणि ती उठून चुलीपुढं बसायची. हे बहुतेक मटणाच्या जेवणानंतर व्हायचं. मी तिची थट्टा करायचो, "मुलान्याच्या घरात येऊन तुला मटन सोसत न्हाई. तुला वान्याच्या घरी द्यायला पायजे हुती." ती हसायची. आम्ही घरात आमची मुसलमानी बोली बोलायचो, इथं मी ते सगळं गावच्या मराठीत लिहितो आहे. ती म्हणायची, "वान्याच्या घरी तर तूप असतंय, तिथं तर मरूनच जाईन." तिला स्वतःला कळलं होतं की तूप-चरबीनं तिचं दुखतं. मी ऐकून सोडून देत होतो.

एका बकरी ईदेनंतर कळ दोन तासांत गेली नाही. रात्र गेली, सकाळ झाली, अंगात हुडहुडी भरून ताप आला. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक दिसायला लागली. मग मात्र मी घाबरलो आणि तिला नगरला न्यायचं ठरवलं.

जर्मनांच्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असायची आणि तिच्या गॅसवर मोटार चालायची. करंजीचा घाट आला की तिचा जीव जायचा. ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवायचा आणि उतारू मागून ढकलत चालायचे. आजारी बाई म्हणून तिला एकटीला आत बसू दिलं. मी मागून ढकलत होतो आणि काचेतून तिचं डोकं हलताना मला दिसत होतं.

नगरच्या बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा, पांढरं लुगडं, बोलणं शांत. त्यांनी बायकोच्या उजव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि म्हणाल्या, "लांब श्वास घ्या." तिनं श्वास घ्यायला सुरुवात केली आणि तो अर्ध्यातच अडकला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. तिला आठ दिवस ठेवून घेतलं, नुसतं पातळ खायला दिलं, ताप उतरला, डोळ्यांची पिवळी झाकही गेली. मग त्यांनी मला व्हरांड्यात बोलावून समजावून सांगितलं. यकृतात पित्त तयार होतं, त्याखाली एक पिशवी असते, त्या पिशवीत ते साठतं, असं त्या सांगू लागल्या.

मी म्हणालो, "बाई, मला ठाऊक हाय. मी मुलानी हाय."

त्या हसल्या. "मग बरं झालं, तुम्हाला लवकर कळेल. पोटात अन्न गेलं, त्यातून तेल-तूप गेलं, की ती पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. तुमच्या बायकोच्या पिशवीत खडे झाले आहेत. पिशवी आवळली की खडा तोंडाशी येऊन अडकतो. त्याचीच ती कळ. एखादा खडा पुढच्या नळीत सरकला तर कावीळ होते, आणि पिशवी सुजली की असा ताप येतो."

त्यांनी कपाटातून एक बाटली काढून दाखवली. दुसऱ्या कुठल्या बाईच्या पोटातून काढलेले खडे होते, हरभऱ्याएवढे, तपकिरी. म्हाताऱ्या शेळीच्या पित्तात मला कधीमधी वाळूसारखी कचकच लागली होती, पण असे खडे मी पाहिले नव्हते. मी विचारलं, "मग आता?"

"पंधरा दिवसांनी सूज पूर्ण उतरली की ऑपरेशन करून पिशवी काढून टाकायची. पिशवीवाचून माणूस चांगला जगतो."

माझ्या डोळ्यांपुढं ते हिरवं पाणी आलं. मी विचारलं, "काढताना फुटली तर?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "फुटू शकते. धोका आहेच. पण न काढण्यात त्याहून जास्त धोका आहे."

मी पहिली दोन वाक्यं ऐकली. तिसरं ऐकलं नाही. आजवर ज्या ज्या अंगातून ही पिशवी निघालेली मी पाहिली होती, ते अंग मेलेलं होतं. आणि बकऱ्याची कलेजी निदान पाटीत घालून धुता तरी येते. जित्या बाईच्या पोटात पित्त सांडलं तर ते कोण धुणार? या बाईंनी अशा किती पिशव्या काढल्या असतील? दहा? वीस? मी तर लहानपणापासून हेच करत होतो आणि तरीही दर वेळी माझे हात जपून चालायचे. हे सगळं मला फार शहाणपणाचं वाटलं.

आत गेलो तर बायको खाटेवर बसली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं असंच ऑपरेशन झालेलं होतं आणि ती उशीला टेकून पेज पीत होती. बायको मला म्हणाली, "त्या काढत्यात म्हनं. काढू द्या. मला लई तरास होतोय, तुमाला कळत न्हाई."

"मला कळत न्हाई?" मी चिडलो. "मला न्हाई तर कुनाला कळतंय?"

ऑपरेशनच्या कागदावर सही नवऱ्याची लागायची. तिला कुणी विचारलं तर ती हो म्हणेल हे मला माहीत होतं, म्हणून मी कुणाला विचारायला अवसरच दिला नाही. घरी विचार करून येतो असं सांगून तिला घेऊन निघालो. डॉक्टरीणबाईंनी दारापर्यंत येऊन पथ्य सांगितलं. तूप नाही, लोणी नाही, तळलेलं नाही, चरबीचं मटण नाही. पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी घेऊन या, एक दिवसही थांबू नका. दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर मी तिचं पथ्य इतकं सांभाळलं की आई माझ्यावर हसायची. रानातल्या बकऱ्याची गोष्ट माझ्या डोक्यात होती. पोटात सारखं थोडं थोडं पडत राहिलं तर पिशवी भरणारच नाही, असा मी हिशेब केला. म्हणून तिला दोन-दोन तासांनी खायला घालायचो. अर्धी ज्वारीची भाकरी, निवळ वरण, साय काढलेलं दूध. तिला मोहरमचे रोजे धरू दिले नाहीत. आजाऱ्याला सूट असते असं मौलवीसाहेबांकडून वदवून आणलं. दीड महिना एक कळ आली नाही. तिच्या गालावर तेज आलं. पहिल्यासारखी मुलींच्या वेण्या घालताना गुणगुणायला लागली. मी गावभर सांगत सुटलो की नगरचे डॉक्टर कापायला निघाले होते आणि मी नुसत्या भाकरीवर बरी केली. लोक मान डोलवायचे. माझी छाती फुगायची.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलींना नाही. मुलींनाही आता नातवंडं झाली आहेत.

तिची कळ थांबली होती, पण खडे आत होते हे मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. तूप खाल्लं की पिशवी आवळते. मी विचार केला, आवळते म्हणजे पिळते. आता तिची तब्येत चांगली आहे, सूज उतरली आहे, अशा वेळी पिशवी नीट पिळली गेली तर खडे पित्ताबरोबर आतड्यात का पडणार नाहीत? मी स्वतः हातात पिशवी धरून हळूहळू दाबून पित्त बाहेर काढून पाहिलं होतं. वाळू होती तीही बाहेर आली होती. मग हरभऱ्याएवढा खडा का येणार नाही? सुरी नको, क्लोरोफॉर्म नको, सही नको. मला वाटलं, ही गोष्ट मोठ्या मोठ्या डॉक्टरांना सुचली नाही आणि मला सुचली.

ज्यांच्या नवसाचं बकरं मी कापलं होतं अशा एका घरातून वाटीभर लोणकढं तूप मागून आणलं. त्या दिवसांत तूप मिळणं सोपं नव्हतं, पण मला त्यांनी नाही म्हटलं नाही. सकाळी कोमट दुधात एक चमचा घालून तिच्यापुढं धरलं.

तिनं वास ओळखला. "यात तूप हाय. बाई तर नगो म्हनल्या हुत्या."

"त्या म्हनल्या ते खरंय. पन आता काम येगळं हाय. हे तूप त्या पिशवीला पिळनार आन खडा भाईर टाकनार."

"आन दुखलं तर?"

"मी हाय ना."

तिनं माझ्याकडं पाहिलं. भीती होती तिच्या डोळ्यांत, मी ती पाहिली, पाहिली नाही असं म्हणून माझी सुटका नाही. मग तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात प्यायली. माझ्यावर विश्वास होता म्हणून प्यायली. मी रागावेन म्हणूनही प्यायली असेल. मला दोन्ही सारखंच जाळतं.

दुसऱ्या दिवशी दोन चमचे दिले. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तीन. त्या दिवशी दुपारी ती चुलीपुढून उठली, भिंतीला धरून उभी राहिली आणि तिथंच खाली बसली.

ही कळ आधीच्या कळांसारखी नव्हती. ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. उलटीत हिरवं पाणी पडत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हुडहुडी भरून आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ताप आला तर त्याच दिवशी. सकाळची मोटार माझ्या दारावरून गेली. मी गेलो नाही. तिथं गेलो असतो तर काय खायला दिलं ते सांगावं लागलं असतं. शिवाय मला वाटत होतं, खडा तोंडाशी आला आहे, आता निघेलच. आई म्हणाली, "गाडी जोड, न्हाईतर पोर जाईल." मी आईवर ओरडलो.

त्याच दिवशी दुपारी तिची कळ एकदम थांबली.

एकाएकी थांबली. तिनं पाय लांब केले. चेहऱ्यावरचा ताण गेला. ती म्हणाली, "गेलं. दुखायचं थांबलं." मी तिथंच जमिनीवर डोकं टेकलं. बाहेर जाऊन आईला सांगितलं, "निघाला. खडा निघाला." तिनं चहा मागितला. मी स्वतः करून दिला. ती दोन घोट प्यायली आणि माझ्याकडं पाहून हसली. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

दिवस मावळायच्या आत तिचं पोट पाटासारखं कडक झालं. हात लावू देईना. ओठ सुकले, नाक टोकाशी थंड पडलं. मग मला कळलं. गावात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण मला कळलं. आत काय झालं असेल ते मी विशीच्या आत स्वतःच्या हातानं करून पाहिलेलं होतं.

रात्री मोटार नव्हती, सकाळच्या मोटारीनं निघालो. घाटात पुन्हा सगळे उतरले. या वेळी मी उतरलो नाही, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. उतारूंनी आम्हा दोघांसकट मोटार वर ढकलली. त्यांच्यात मी ज्यांच्या घरची बकरी कापली होती असेही दोघं होते. ती मध्येच डोळे उघडायची, पोरींनी भाकरी खाल्ली का विचारायची, आणि मी खाल्ली म्हणून सांगायचो.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी पोटावर नुसता तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला. नाडी बराच वेळ धरून बसल्या. मला म्हणाल्या, "पिशवी आत फुटली आहे. अजून प्रयत्न करू, पण तिच्यात ताकद उरलेली नाही." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी नर्सला कागद घ्यायला सांगितला आणि मला विचारलं, "गेले काही दिवस खायला काय देत होता? तेलकट, तूप, काही पोटात गेलं होतं का?"

टोपी हातात धरून मी उभा राहिलो.

खाटेवरून तिचाच आवाज आला. अगदी बारीक, पण स्पष्ट. "न्हाई बाई. निस्ती भाकरी आन वरन. त्यांनी माजं लई पथ्य केलं." मग तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पुन्हा डोळे मिटून घेतले. मी सांगू शकलो असतो. त्या क्षणी सांगू शकलो असतो. नर्सनं तिनं सांगितलं तेच लिहून घेतलं आणि मी ते लिहू दिलं.

दुपारच्या नमाजाच्या सुमारास ती गेली. ऑपरेशनच्या खोलीपर्यंतही नेता आलं नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. त्या माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. ऑपरेशनला भिणारे पुष्कळ असतात. पण पथ्य तुम्ही मनापासून सांभाळलंत, तिनं मला स्वतः सांगितलं. तुमच्याकडून काही राहिलं नाही."

मी हात जोडले आणि त्यांचे आभार मानले.